क्लचचा सिलिंडर बाहेरच असू द्या

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाचा जुन्या जीपचा मोह सुटत नाही. एनसीसीच्या नेमणुकीवर मैसूरला आल्यापासून पाहतोय, इथे आणि शेजारच्या कोडगूत असे शौकीन पुष्कळ. तीन गिअरचा बॉक्स काढून पाचाचा बसवला की जुन्या दांड्या-केबल जुळत नाहीत आणि हायड्रॉलिक क्लचचा विषय निघतो.

माझं मत स्पष्ट आहे. स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या बाहेर, हात पोचेल असा हवा.

हल्ली गॅरेजवाले रिलीज बेअरिंगला जोडलेला, आत बसणारा सिलिंडर सुचवतात. फोर्क लागत नाही, जागा वाचते, हे खरं. पण त्याचं सील गळलं की अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बाहेरचा सिलिंडर मडिकेरीच्या घाटात, भर पावसात गळला तरी रस्त्याकडेला बदलता येतो. जे वाटेत दुरुस्त होतं तेच भरवशाचं, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

दुसरी गोष्ट मापांची. ओळखीच्या एका माजी सुभेदारसाहेबांचा डावा गुडघा अधू आहे. पेडल हलकं व्हावं म्हणून त्यांना लहान मास्टर सिलिंडर हवा होता. आता हिशेब बघा. मास्टर पाऊण इंची, स्लेव्ह 7/8 इंची असेल तर मास्टर 30 मिमी सरकल्यावर स्लेव्ह 22 मिमी सरकतो. मास्टर 5/8 इंची केला तर पेडल हलकं होतं, पण स्लेव्ह जेमतेम 15 मिमी सरकतो. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कचकचतात आणि पेन्शनच्या पैशांतून घेतलेल्या बॉक्सच्या सिंक्रो रिंगा झिजतात. म्हणून फोर्कला किती सरक लागते ते आधी मोजा, सिलिंडर नंतर घ्या. गुडघ्याचा इलाज इंजिनाला पुरेल एवढ्याच ताकदीच्या प्रेशर प्लेटमध्ये शोधा. मास्टर ज्या पत्र्यावर बसतो तोही मजबूत करून घ्या. पत्रा वाकला तर सरक तिथेच वाया जाते.

याच शहरात आयडियल जावाचा कारखाना 1996 पर्यंत चालला. तिथल्या मोटारसायकलींत गिअरचा खटका दाबताच क्लच सुटायचा, तोही साध्या यांत्रिक जोडणीने. त्या गाड्या इथे अजून धावतात. नवं जरूर बसवा, पण पान्याला सापडेल असं बसवा.

जय हिंद.