तेलाची बाटली आणि तुंबलेले गटार

पावसाळा लागला की वस्त्यांत डास वाढतात आणि सल्ले देणारेही वाढतात. गवती चहाचे तेल लावा, सिट्रोनेला चोळा, कडुलिंबाच्या तेलाचा दिवा लावा! विहारातल्या एका बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, हे तेल खरेच चालते का?" कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण. म्हणून तपासूनच उत्तर देऊ.

या तेलांत गुण आहे, हे आम्ही नाकारत नाही. सिट्रोनेला, गवती चहा यांच्या उग्र वासाने डास काही काळ दूर राहतो. प्रयोगशाळेत काही तेलांनी अळ्याही मरतात. पण ही तेले लवकर उडून जातात. सिट्रोनेलाचा प्रभाव फार तर तास-दोन तास. डेंग्यूचा एडिस डास तर दिवसा चावतो. मग रस्ता झाडणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या माणसाने तासातासाला बाटली काढायची काय? शिवाय नुसते तेल चोळले तर कातडी चुरचुरते. लावायचेच तर खोबरेल तेलात थोडे मिसळून लावा. तान्ह्या बाळाला मच्छरदाणीच बरी.

आता मूळ प्रश्न. डास जन्मतो कुठे? क्युलेक्स तुंबलेल्या गटारात, एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येते म्हणून आमच्या आयाबहिणी पिंप भरून ठेवतात. मग कर्मचारी येतात, पिंपातल्या अळ्या दाखवतात आणि दोष त्यांनाच देतात! नळाला रोज पाणी का नाही, हे कोणी विचारायचे? साहेबांच्या बंगल्यापुढचे गटार झाकलेले आणि आमचे उघडे, हा काय निसर्गनियम आहे?

मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी हाच प्रश्न दंडाधिकाऱ्यापुढे नेला. पैसा नाही, अशी सबब नगरपालिकेने सांगितली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती फेटाळली. गटारे आणि शौचालये बांधण्याचा आदेश तर दिलाच, पण त्या वॉर्डातील डासांची पैदास थांबवण्याच्या सूचना मलेरिया विभागाला द्या, असे राज्य शासनालाही बजावले. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे घटनेचे कलम ४७ सांगते. रतलामकरांनी वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ हे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ झाले आहे. कलमाचा आकडा बदलला, अधिकार कायम आहे.

तेव्हा बांधवांनो, तेल परवडते त्याने जरूर लावावे. पण शासनाचे कर्तव्य बाटलीत भरून गरिबाच्या खिशातून वसूल करणे आम्हाला मान्य नाही. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, झाकून ठेवा. गटाराचे फोटो काढा, पाणी कोणत्या दिवशी आले त्याच्या तारखा लिहून ठेवा, वस्तीच्या सह्या घ्या आणि नगरपालिकेत अर्ज देऊन पोच घ्या. दाद लागली नाही तर तोच कागद घेऊन उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे चला. तेलाचा वास तासाभरात उडतो. पोच घेतलेला अर्ज उडत नाही.