कागाला माफी द्यायची का?

माझ्या दुकानात सध्या एका लहान पोरीच्या जिवावरून भांडण पेटलंय. पोर खोटी आहे, दुकान मात्र खरं आहे. मानोऱ्यात दिग्रस रस्त्याला, लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्तीचं. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मागच्या खोलीतल्या मशीनभोवती कॉलेजातली पाच-सात पोरं-पोरी गोळा होतात. एक जण माउस धरतो, बाकीचे तोंड चालवतात. गेमचं नाव ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं तो ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, तेव्हा शाळकरी पोरांना मी मागच्या खोलीत येऊ देत नाही.

हा गेम बसवायला मशीनवर दीडशे जीबी जागा लागते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकवर तो उतरवायचा म्हणजे पेरणीला सुरुवात करून कापणीला संपणार. म्हणून पोरांनी वर्गणी काढून सेलमध्ये विकत घेतला, पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एकानं तिथल्या वायफायवर उतरवला आणि दिवाळीला गावी येताना हार्ड डिस्कमधून आणला. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, पंखा मी बदलून दिलेला. लाइट गेली की इन्व्हर्टरवर जेवढा वेळ तग धरेल तेवढा. एवढा खटाटोप करून ही पोरं करतात काय, तर वाद घालतात. मला त्या वादाबद्दलच लिहायचं आहे, कारण गावात कोणी त्याला ‘वाद’ म्हणत नाही, ‘पोट्टे मोबाइल-कंप्युटरनं बिघडून राहिले’ म्हणतात.

तर भांडण असं. अरण्यात ड्रुइड नावाच्या निसर्गपूजकांची एक वस्ती आहे. तिथं शिंगं आणि शेपटी असलेल्या टिफलिंग लोकांनी आसरा घेतलाय. त्यांचं एल्टुरेल हे शहर नरकात ओढलं गेलं होतं. ते परत वर आलं, पण वर आल्यावर शहरानं या शिंगवाल्यांना हाकलून दिलं. आता वस्तीचा प्रमुख हॅल्सिन बेपत्ता आहे. कारभार कागा नावाच्या बाईच्या हातात आहे. तिला आसऱ्याला आलेल्यांना बाहेर काढायचंय आणि मग काटेरी मंत्रानं वस्तीची वाट कायमची बंद करायचीय. अशात अराबेला नावाची टिफलिंग पोर देवाची मूर्ती चोरताना सापडते. कागा तिच्यासमोर साप सोडून उभी आहे. बाहेर पोरीचे आई-बाप आत सोडा म्हणून विनवतायत. इथं तुम्ही बोलायचं. काय बोलायचं ते समोरच्या पर्यायांतून निवडायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा कमी पडला तर साप डसतो.

त्या दिवशी फाशावर एक पडला. या गेममध्ये एक पडला की तुमच्याकडे कितीही गुण असोत, डाव वाया. माउसवाल्याचं बोट लगेच एफ-८ कडे गेलं. ते बटण दाबलं की गेम मागच्या साठवलेल्या जागी परत जातो आणि झालेलं न झालेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या पोरीनं त्याच्या मनगटावर चापट मारली. “लोड करू नको. मेली तं मेली. तू बोलला काहून तसा?” त्यानं दरडावणीचा पर्याय निवडला होता. समजावणीचाही होता.

खोलीत जो गलका झाला तो बाहेर झेरॉक्सला आलेल्या गुरुजींना ऐकू गेला. गेले बिचारे न बोलताच.

चापट मारणारी पोरगी तांड्यावरची. घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लहानपणी तीही कोपीत राहिलेली. तिचं म्हणणं, बाहेरून आलेल्यांच्या पोरावर चोरीचा आळ आला की तिथं दरडावून चालत नाही, कारण समोरचा आधीच ठरवून बसलेला असतो. कागानं ठरवूनच ठेवलं होतं. समोर बसलेला पोरगा शेतकऱ्याच्या घरचा. तो म्हणाला, “कागाचं काय चुकलं? वस्तीलेच पुरत नाही अन् यायले कुठून द्याचं?” त्याच्या विहिरीला मार्चमध्ये तळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्याला कोणी हसलं नाही. इतर वेळी आपल्या तालुक्यात ही दोन माणसं पाण्यावर आणि परक्यांवर इतक्या मोकळेपणानं समोरासमोर बोलली असती का? मला नाही वाटत. तिथं जात आडवी येते, कोणाची जमीन कोणाच्या बांधाला लागून आहे ते आडवं येतं. एल्टुरेलबद्दल बोलताना दोघांनाही कोणी अडवत नव्हतं.

पुढं आणखी गंमत. दलदलीतल्या एका जुन्या झाडापाशी एक पत्र सापडतं. त्यावरून कळतं, की कागा आतून दुसऱ्याच कडव्या टोळीला मिळाली होती. ते पत्र तिच्या तोंडावर टाकलं आणि नीट बोललात तर ती वरमते, चूक कबूल करते, तुमच्या बाजूनं लढते. म्हणजे तिला सुधारायची संधी देता येते. पण अराबेला मेलेली असताना द्यायची का? यावर दोन संध्याकाळी गेल्या. तांड्यावरच्या पोरीचं मत सगळ्यांच्या अंदाजाच्या उलट निघालं. ती म्हणाली, कागाला जिती ठेवा, मेली तर ती सुटेल. विहिरीवाला म्हणाला, फसवणूक केली तिनं आपल्या वस्तीची, मारून टाकू. पोरीच्या मरणापेक्षा त्याला फसवणुकीचा राग जास्त आला, हे त्याचं त्यालाच बोलता बोलता लक्षात आलं असावं, कारण तो मग बराच वेळ गप्प होता.

आता एफ-८ विषयी. माझं मत स्पष्ट आहे, एफ-८ नं गेमचा सत्यानाश होतो. हवा तो आकडा पडेपर्यंत मागं जायचं म्हणजे फासा टाकायचाच कशाला? लॅरियनलाही हे उमगलं असणार. नोव्हेंबर २०२३ अखेरीस त्यांनी ‘ऑनर मोड’ आणला, त्यात एकच साठवण, मागं फिरणं नाही. आमच्याकडे निसर्गानं तो कधीचाच लावून ठेवलाय. मृगाच्या पहिल्या पावसाला भुलून सोयाबीन पेरलं आणि पाऊस पंधरा दिवस रुसला की दुबार पेरणी करता येते, पण बियाण्याची पिशवी पुन्हा विकत घ्यावी लागते. दुकानात तोडगा निघाला तो असाच. मागं जायचं असेल तर माउस सोडायचा आणि पुढल्या संध्याकाळी चहा पाजायचा. तेव्हापासून एफ-८ क्वचितच दाबलं जातं.

फाशाचेही कितीतरी बारकावे. गेममध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची एक सोय आधीपासून सुरूच असते. सतत वाईट किंवा सतत चांगले आकडे पडू लागले तर ती दैवाला हळूच सावरते. एक गट म्हणतो, ही फसवणूक, बंद करा. दुसरा म्हणतो, दहा वेळा हरल्यावर माणसाला एकदा तरी जिंकू द्या. मग येतो वाणीचा प्रश्न. गोडबोल्या शाहीर घेतला तर फाशावर त्याला वरचढ आकडे मिळतात. राकट लढवय्या खरं बोलला तरी त्याचं कोणी ऐकत नाही. आमच्यातला एक कमी बोलणारा पोरगा यावर फार चिडला होता. “खरं बोलणाऱ्याले फासा कमी अन् गोड बोलणाऱ्याले जास्त? हे तं कचेरीसारखंच झालं.” त्याला कोणी उत्तर देऊ शकलं नाही. हे नियम मुळात १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-पेन्सिलीच्या खेळातले. गुणांचे आकडे आणि वीस बाजूंचा फासा हा संसार तिथूनच आलेला. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या नियमावर मानोऱ्यातला एक अबोल पोरगा न्यायाची हरकत घेतो, याला मी तरी टाइमपास म्हणणार नाही.

शहरातल्या ओळखीच्या घरांत मी पाहतो, प्रत्येक पोराच्या खोलीत वेगळं मशीन, कानावर हेडफोन. तोच गेम, तीच कागा, पण तिथं कोणी मनगटावर चापट मारत नाही. एकटा माणूस एफ-८ दाबतो आणि कोणाला कळतही नाही. म्हणून माझा सल्ला थोडा उफराटा आहे. पोरांना असले गेम खेळू द्या, पण घरात मशीन एकच असू द्या आणि ते बैठकीत ठेवा. पोरगा खेळत असताना ‘किती वेळ झाला?’ एवढंच विचारू नका, ‘त्या बाईला माफ केलंस का?’ असंही विचारा.

पैशाच्या खेळांची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ते योग्यच झालं. रमीच्या नादानं बसलेली घरं आमच्याही भागात आहेत. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. दिल्लीला जो फरक कळला तो गल्लीत कळेना. रमी आणि अराबेला इथं एकाच पारड्यात.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. हा गेम पोलिश, तुर्की, युक्रेनियन भाषांत वाचता येतो. मराठीत नाही, भारतातल्या कुठल्याच भाषेत नाही. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत. मराठी ही मातृभाषा म्हणून २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी नोंदवली. आमच्याकडे इंग्रजी बरं असलेली एक पोरगी पाट्या वाचून तिथल्या तिथं वऱ्हाडीत सांगते. अस्टॅरियन नावाचा नखरेल रक्तपिपासू “बाप्पा, कंटाळा आला ना मले” म्हणाला की खोली हसून लोळते. मजा येते, पण तिच्या घशाला कोरड पडते. आणि ती आली नाही तर त्या दिवशी खेळ बंद.

पोलंडनं भाषांतरावर समाधान मानलं नाही. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं २०१५ मध्ये ‘द विचर ३’ काढला. त्यात नाव न ठेवता पुरलेल्या अर्भकाचं भूत आहे. त्याच्याशी लढायचं, की नाव देऊन, उंबऱ्याखाली पुरून त्याला घराचा राखणदार करायचं, हे खेळणारा ठरवतो. त्यांच्या खेड्यांतली भुतं त्यांनी जगाला खेळायला दिली. आपल्या मुंजाला आणि हडळीला कोण विचारतंय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला सोडवायला निघालेल्या पोरीची गोष्ट, चित्रं देखणी. पण तो उड्यांचा आणि लढाईचा खेळ आहे, कोणाला माफ करायचं ते तुम्ही ठरवत नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरणही मंजूर केलंय. त्यातला पैसा इमारती आणि पार्कांत जिरण्याआधी थोडा लेखकांना मिळावा. असल्या गेमचा जीव संवादांत असतो आणि संवाद लिहायला माणूस लागतो.

कथा शोधायला आम्हाला लांब जायची गरज नाही. पोहरादेवी याच तालुक्यात. तिथं नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं. आत शिरलं की डोक्यात गेमच सुरू होतो. लदेणी! बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडणारे तांडे. मोगल, मराठे, निजाम, कंपनी सरकार, सगळ्यांच्या फौजा या लमाणांच्या धान्यावर जगल्या. मग निवडी आपोआप येतात. वाटेत दुष्काळी गाव लागलं तर फौजेसाठी भरलेलं धान्य तिथं उतरवायचं का? दोन फौजा आमनेसामने असतील तर कोणाच्या छावणीत आधी जायचं? थकलेला बैल मागं सोडायचा की मीठ? आणि शेवटच्या भागात रेल्वे येते, धंदा बसतो, १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा येतो. तिथं तर कुठलाच आकडा पुरत नाही.

पोरांनी एका जुन्या वहीत याचे नियम लिहायला घेतलेत. तूर्तास कागद, पेन्सिल आणि खेळण्यातले साधे सहा बाजूंचे फासे. नाईक, कारभारी, बैल राखणारा, आणि वंशावळी गाणारा ढाडी अशी टोळी ठरली आहे. पण ढाडीला बोलण्याच्या फाशावर एक जादा द्यायचा की दोन, यावर गाडी अडली आहे. दोन द्या म्हणणारी तांड्यावरची पोरगी. एकही देऊ नका म्हणणारा तो कमी बोलणारा पोरगा, आणि या मुद्द्यावर तो अजिबात कमी बोलत नाहीये.