शहाजोग हुंडी आणि मोबाईलमधलं कुलूप

काशीत शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर टेकलात, की ते प्रसिद्ध कललेलं रत्नेश्वराचं देऊळ दिसतं. 1830च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी हा घाट बांधून घेतला. आज तिथे बसून तुम्ही मोबाईलवरून मुक्कामाच्या खोलीचे पैसे भरता. पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसलं, की जीव निर्धास्त होतो. पण ते कुलूप हमी कसली देतं?

बोलणं कुलूपबंद असणं आणि समोरच्याची ओळख पटणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दार लावून चोराशीही बोलता येतं! म्हणून तुमचा फोन आधी समोरच्याची ओळख तपासतो, आणि त्याची रीत बायजाबाईंच्या काळातल्या सावकाराला चटकन कळली असती.

तेव्हा लांबच्या प्रवासाला रोकड नेण्यापेक्षा हुंडी नेणं बरं असे. पण परगावच्या पेढीवाल्याने तुम्हाला जन्मात पाहिलेलं नसे. शहाजोग हुंडीने त्यावर तोड काढली: पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यायचे. पेढीवाला शहाला ओळखे, शहा तुमची खातरजमा करी. हुंडी बनावट निघाली, तर पैसे परत करायची जबाबदारी शहाची.

तुमच्या फोनमध्ये अशा शहांची यादी आधीच भरलेली असते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था त्या याच. संकेतस्थळ त्यांच्यापैकी एकीच्या सहीचं प्रमाणपत्र पुढे करतं. पण प्रमाणपत्राची नक्कल कुणीही पुढे करेल, म्हणून फोन तेवढ्यावर भागवत नाही. दर वेळी तो एक नवाकोरा आकडा पाठवतो आणि समोरच्याला त्यासकट सगळ्या बोलण्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करावी लागते. किल्ली मालकाकडेच राहते, येते ती फक्त सही. कालची सही आज चालत नाही. कागदी हुंडीला हे कधीच जमलं नाही.

शहाच कच्चा निघाला तर? 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बाहेर पडलं. ब्राउझरांनी तिला यादीतून काढलं. काही आठवड्यांत तिचं दिवाळं वाजलं.

आणि सगळं सुरळीत झालं, तरी ओळख पटते ती फक्त पत्त्याची. भामट्याने यात्रीनिवासाच्या नावात एक अक्षर बदलून नवा पत्ता घेतला, तर त्या पत्त्याचं अस्सल प्रमाणपत्र त्याला फुकटात मिळतं. कुलूपही दिसतं. तेव्हा पैसे भरण्याआधी ‘डॉट कॉम’च्या लगेच आधीचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. कुणी पाठवलेल्या लिंकवर जाण्याऐवजी पत्ता स्वतः टाईप केलेला बरा.

‘कुलूप म्हणजे भरवशाची जागा’ हा समज इतका पक्का झाला होता, की 2023 मध्ये गूगलने क्रोमच्या पत्त्याशेजारचं कुलूपच काढून टाकलं.