महाराजांच्या पुण्याईवर किती दिवस?



आपल्या कोणत्याही कार्यक्रमात पहिला हार श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या तसबिरीला पडतो. तो पडलाच पाहिजे. मग भाषणांत आजव्याचे धरण, सयाजीबाग, बडोदा कॉलेज, बँक अशी यादी म्हटली जाते, आपण टाळ्या वाजवतो आणि चहा-बटाटेवडा घेऊन घरी निघतो. गोत्री रोडवर कोणता खड्डा चुकवायचा, हे एव्हाना पाठ झालेले असते.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. आम्हाला भाषणापेक्षा खातेवही लवकर कळते. म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या समाजाने महाराजांचा वारसा मिरवला, त्यांची हिशोबाची शिस्त मात्र सोडून दिली.

१८९१ च्या शिरगणतीत बडोदे शहराची वस्ती सव्वा लाखही नव्हती. आजव्याची योजना मात्र तीन लाख माणसे धरून आखली होती. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली ती दहा लाखांच्या भरणा भांडवलावर. पुढच्या दोन पिढ्यांसाठी आज पैसा गुंतवायचा, ही त्यांची रीत होती.

आता आजचा ताळेबंद पाहू. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातच्या महापालिकांतली जकात बंद झाली. व्यापारी सुटला, पण पालिकेचे रोजचे हातातले उत्पन्न गेले आणि भरपाईसाठी गांधीनगरकडे पाहणे आले. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल यांसह सात गावे हद्दीत आली. रस्ते, गटारे, पाणी यांचा बोजा वाढला. स्वतःचे म्हणावे असे भरवशाचे उत्पन्न उरले ते मुख्यतः आपला घरवेरा.

मार्च २०२२ मध्ये पालिकेने पाणी व सांडपाण्याच्या कामांसाठी १०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.१५ टक्के व्याजाने. मागणी जवळजवळ दसपट आली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण मुदत किती? पाच वर्षे! जमिनीखालची वाहिनी तीस-चाळीस वर्षे चालायची, आणि तिचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे. आपण घर घेताना वीस वर्षांचा हप्ता बांधतो ना? मग शहराने पाच वर्षांत श्वास कोंडून का धावावे? पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले ते दहा वर्षांच्या मुदतीने. आमच्या मते तेही थोडेच.

यावर आपली ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. कर्ज कशाला?" त्यांचा मान राखून सांगतो, लग्नाचे कर्ज वेगळे आणि विहिरीचे कर्ज वेगळे. पहिले जेवणावळीत संपते, दुसरे नातवंडांना पाणी पाजते. विहिरीचे पाणी नातवंडे पिणार असतील, तर हप्त्याचा थोडा भार त्यांच्याकडेही जाणे न्यायाचेच आहे.

आणि खर्च टाळला म्हणून तो टळतो का? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांवर चढली. धोक्याची पातळी २६ फूट. गाड्या, फ्रीज, गाद्या, दुकानातला माल, सारे चिखलात गेले. ते बिल कोणत्याच अंदाजपत्रकात दिसले नाही, कारण ते घरोघर आपणच भरले. त्यानंतर १२०० कोटींच्या योजनेची घोषणा झाली. ९ जुलै २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात महीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५ चा पूल. किमान २० माणसे गेली. तो पालिकेचा नव्हता, पण धडा आपल्यालाही आहे. नव्या कामाला फीत मिळते, नारळ मिळतो, वर्तमानपत्रात फोटो मिळतो. जुन्या कामाच्या देखभालीला यांतले काही मिळत नाही, म्हणून तिच्यावर कोणी पैसा मागतही नाही.

तेव्हा आमचे म्हणणे तीन कलमांत असे. एक, मोठ्या कामांसाठी रोखे पंधरा-वीस वर्षांचे असावेत, आणि त्यातला काही भाग सामान्य ठेवीदारालाही घेता यावा. निवृत्तीचे पैसे आपल्याच शहरात गुंतवायला आपल्यातले अनेकजण तयार होतील. दोन, प्रत्येक नव्या कामासोबत देखभालीचा वेगळा निधी बांधावा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये. तीन, कोणत्या वॉर्डातून किती वेरा आला आणि तिथे किती खर्च झाला, हे दरवर्षी गुजराती भाषेत, सर्वांना वाचता येईल असे छापावे.

दोष नुसता पालिकेला देऊन चालणार नाही. वेऱ्याचे बिल आले की "बघू, व्याजमाफी येईल" म्हणून थांबणारे आपल्यातही आहेत. ज्याने वेळेवर भरले तो मूर्ख आणि ज्याने थकवले तो शहाणा, असा हा उफराटा न्याय आपणच चालवून घेतला. वेरा थकवणाऱ्याने खड्ड्याबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

पालिकेचे अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत मांडले जाते. महाराजांची जयंती ११ मार्चला असते. मध्ये पुरेसे दिवस मिळतात. या वेळी प्रत्येक घरातून एकाने तरी अंदाजपत्रकाची गोत्रीसंबंधीची पाने वाचावीत, आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न विचारावेत आणि घरवेऱ्याची पावती खिशात ठेवून जयंतीला यावे.

हार आम्ही आणू.