केबल काढून टाकायची का? ठाणे-डोंबिवलीतल्या घरासाठी टीव्हीचा सगळा हिशोब

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. "केबलवाल्याने पुन्हा पैसे वाढवले. काढून टाकू का? कोणती स्टिक घेऊ?" लगेच उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं फायर स्टिक घ्या. कुणी म्हणतं वायफायसोबत सगळं फुकट मिळतं. आणि एखादं उत्तर असं असतं, "आम्ही काढली होती, पण आईसाठी परत लावावी लागली."

हे शेवटचं उत्तर नीट ऐका. स्टिक कोणती घ्यायची हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी तीन प्रश्न आहेत : घरात कोण काय बघतं, घरात इंटरनेट कसं येतं आणि काही बिघडलं तर दाद कुठे मागायची? एकेक करून बघू.

२०१३मध्ये काय झालं होतं?

आठवत असेल तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या घरांनी असा बदल एकदा पचवलाय. तेव्हा केबलची जाड काळी वायर थेट टीव्हीच्या मागे खोचलेली असायची. २०११मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत पहिल्या टप्प्यात ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई ही तिन्ही नावं होती. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे पाच महिन्यांचं अंतर.

त्या वेळी निवड सोपी होती. बॉक्स लावा, नाहीतर टीव्ही बंद. आता सक्ती कुणाचीच नाही, पण सगळा हिशोब आपल्यालाच करायचाय.

मग आता बदललंय काय?

२०१९च्या सुरुवातीला ट्रायचे नवे नियम लागू झाले. प्रत्येक पे चॅनलची किंमत जाहीर करणं बंधनकारक झालं. हवं तेवढंच एकेक चॅनल घ्यायचा हक्क ग्राहकाला मिळाला. केबल किंवा डिशच्या जोडणीचं मूळ भाडं १३० रुपयांपर्यंतच ठेवायचं, असं ठरलं. १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे. आधी यात १०० चॅनल होते, २०२०मध्ये ते २०० झाले.

जुलै २०२४मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. जोडणीचं भाडं किती लावायचं हे आता कंपनी ठरवते. बिल वाढलंय असं वाटत असेल तर त्यात मूळ भाडं किती आणि चॅनलचे पैसे किती हे वेगवेगळं विचारा. अनेकदा कधीच न बघितलेल्या चॅनलांचा अख्खा पॅक तुमच्या नावावर चालू असतो. तो कमी केला की केबल न काढताही बिल उतरतं.

दुसरीकडे लोक डिश आणि केबल सोडतायत हेही खरं. ट्रायच्या आकड्यांनुसार पैसे भरून डीटीएच बघणारे ग्राहक मार्च २०२१मध्ये जवळपास ७ कोटी होते. मार्च २०२५मध्ये ते ५.७ कोटींच्या आसपास आले.

पहिला प्रश्न : घरात कोण काय बघतं?

एक कागद घ्या आणि आठवडाभर लिहा. मराठी घरात साधारण तीन रकाने पडतात. संध्याकाळच्या मालिका, क्रिकेट आणि रात्रीचे सिनेमे-वेब सिरीज.

मालिकांपासून सुरुवात करू, कारण केबल काढलेल्या घरात पहिलं भांडण तिथेच होतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचे भारतातले टीव्ही व्यवसाय एकत्र आले, १४ फेब्रुवारी २०२५ला दोन्हींचं एकच अ‍ॅप झालं. झी मराठी बघायचं तर झी५ हवं. सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. झी आणि सोनीचंही विलीनीकरण होणार होतं, पण जानेवारी २०२४मध्ये ते फिसकटलं. म्हणून ही दोन अ‍ॅप वेगळीच राहिली. केबलच्या एका बिलात येणारे चार मराठी चॅनल अ‍ॅपवर तीन दुकानांत विभागले गेलेत.

क्रिकेटचा रकाना वर्षातून काही महिनेच भरतो. २०२३ आणि २०२४ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली. २०२५पासून अ‍ॅपवर पूर्ण सामने बघायला पैसे लागू लागले. भारतीय संघाचे काही महत्त्वाचे सामने मात्र २००७च्या कायद्यामुळे प्रसार भारतीला द्यावेच लागतात आणि ते डीडी फ्री डिशवर दिसतात. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री वाहिनीही तिथे आहे. दूरदर्शनचे चॅनल वेव्ह्ज या प्रसार भारतीच्या अ‍ॅपवरही मिळतात. हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यात सुरू झालं.

तिसऱ्या रकान्यात एक सापळा आहे : मोबाइल प्लॅन. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातले दर कमी केले. तेव्हा मोबाइल प्लॅन १४९ आणि बेसिक १९९ रुपये महिना झाला. १४९चा प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. जिओहॉटस्टारच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनचंही तेच. "वायफायसोबत ओटीटी फुकट" असं सांगितलं जातं तेव्हा कुठला प्लॅन फुकट आहे हे विचारून घ्या. टीव्हीवर न चालणारा असेल तर त्याचा उपयोग लोकलमध्ये होईल, हॉलमध्ये नाही.

आता बेरीज करू. नेटफ्लिक्स बेसिक वर्षाला २,३८८ रुपये. अ‍ॅमेझॉन प्राइम १,४९९. प्राइम व्हिडिओवर जून २०२५पासून जाहिराती आल्या, त्या नको असतील तर आणखी ६९९. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन सुरुवातीच्या दराने ८९९. झाले ५,४८५, म्हणजे महिन्याला ४५७ रुपये. यात इंटरनेटचं बिल नाही आणि झी५, सोनी लिव्हही नाहीत. दर बदलत राहतात, पण केबल काढली की पैसे वाचतातच हे गृहीत धरू नका एवढं या बेरजेतून दिसतं.

दुसरा प्रश्न : इंटरनेट घरात कसं येतं?

नेटफ्लिक्स सांगतं की फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. ३० किंवा ५० एमबीपीएसचा साधा प्लॅन घरातल्या दोन टीव्हींना भरपूर झाला. तरीही चित्र अडकतं, कारण अडचण बहुतेकदा घराच्या आत असते.

डोंबिवली किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राउटर दाराजवळ बसतो, कारण वायर तिथूनच आत येते. टीव्ही दोन भिंती पलीकडे. शिवाय आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात पाय घालतात. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा किंवा राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल टाका. दोन-तीनशे रुपयांची वायर महागड्या प्लॅनपेक्षा जास्त काम करते.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये अडचण वेगळी. तिथे डिश लावायची म्हटली तर उपग्रह आपल्याकडून आग्नेयेच्या बाजूला दिसतात. फ्लॅटची खिडकी उत्तरेला असेल तर गच्चीवर जागा आणि सोसायटीची परवानगी लागते. मोठ्या पावसात डिशचा सिग्नल जातो ते वेगळंच. फायबर पोचलं नसेल तिथे फाइव्ह-जीवरचं एअरफायबर हा पर्याय आहे, पण त्याची डेटा मर्यादा साधारण १,००० जीबी असते. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. रोज चार तास धरले तर महिन्याला ३६० जीबी. फोर-केला तासाला ७ जीबी, म्हणजे ८४० जीबी. त्यात घरून काम आणि मुलांचे मोबाइल आले की मर्यादा संपते.

वीज हा आपल्याकडचा जुना विषय. महावितरणची वीज गेली आणि घरात इन्व्हर्टर असला तर टीव्ही चालतो, पण राउटरचा प्लग इन्व्हर्टरवर नसेल तर इंटरनेट बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावून घ्या.

आता स्टिक, बॉक्स की नवा टीव्ही?

टीव्ही चांगला चालत असेल तर तो बदलू नका. एचडीएमआयचं छिद्र असलं की स्टिक किंवा बॉक्स पुरतो. नवा घ्यायचाच असेल तर २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झालाय. दुकानदाराने तो किमतीत उतरवलाय का ते बिलावर तपासा.

पडदा टिकतो, पण त्याच्या आतलं "स्मार्ट" आधी म्हातारं होतं. मार्च २०२५मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका रात्रीत बंद पडले, कारण त्यांच्या आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. जून २०२५मध्ये नेटफ्लिक्स पहिल्या पिढीच्या फायर टीव्हीवर चालेनासं झालं. म्हणून जास्त पैसे पडद्यात घाला. स्टिक चार-पाच वर्षांनी बदलायचीच वस्तू आहे असं धरा.

आणि "सगळे चॅनल, सगळं ओटीटी, आयुष्यभर फुकट" असं सांगून विकले जाणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. अशा प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्सवर अनेक अ‍ॅपचं चित्र धुरकट दिसतं, हा झाला कमी त्रास. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. असे बॉक्स आतून आधीच बाधित असतात आणि तुमच्या घरचं इंटरनेट भलतेच लोक वापरतात. गूगलच्या म्हणण्यानुसार अशी एक कोटीहून जास्त उपकरणं या जाळ्यात होती. ज्या वायफायवर तुमचं यूपीआय चालतं, त्यावर असा बॉक्स नको.

तिसरा प्रश्न : बिघडलं तर कुणाला विचारायचं?

इथेच केबल आणि अ‍ॅपमध्ये मोठा फरक आहे. केबल, डिश ट्रायच्या नियमांखाली येतात. चॅनलची किंमत जाहीर असते आणि एकेक चॅनल मागता येतो. शिवाय केबलवाला आपल्याच गल्लीतला असतो, फोन केला की पोरगा शिडी घेऊन येतो. ओटीटी अ‍ॅपवरच्या मजकुराबद्दल २०२१चे आयटी नियम आहेत, पण किंमत किती आणि ती कधी वाढवायची यावर ट्रायचा लगाम नाही. आज विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये उद्या जाहिराती येऊ शकतात, हे प्राइमच्या ग्राहकांनी बघितलंय.

हातात काहीच नाही असंही नाही. ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज वाचा. नको असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे तिथूनच बंद करता येतो. घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पानं, अशी रचना असेल तर तो "सब्स्क्रिप्शन ट्रॅप". केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो फसवणुकीच्या १३ प्रकारांत धरलाय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

मग काढायची का?

घरात संध्याकाळी मालिका बघणारे आजी-आजोबा असतील तर केबल ठेवा, पॅक मात्र छाटा. त्यांच्यासाठी प्रश्न पैशांचा कमी आणि रिमोटचा जास्त असतो. चॅनलचा आकडा दाबला की मालिका लागते. अ‍ॅपमध्ये आधी प्रोफाइल निवडा, मग शोधा, मग अपडेट मागतं, आणि त्या वेळी घरातली तरुण मंडळी ७:३८च्या लोकलमध्ये लटकलेली असतात.

घरात सगळे चाळिशीच्या आतले असतील, बातम्या आणि मालिका कुणी टीव्हीवर बघत नसेल, तर केबल काढायला हरकत नाही. पण एका वेळी एक-दोनच अ‍ॅप ठेवा. महिन्याचा प्लॅन घ्या, बघून संपलं की बंद करा आणि दुसरं सुरू करा. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी गेल्या तीन महिन्यांत ते अ‍ॅप किती वेळा उघडलं ते आठवा.

निर्णय पक्का होत नसेल तर एक सोपा प्रयोग आहे. केबलचा बॉक्स परत करू नका, फक्त महिनाभर रिचार्ज करू नका. महिन्याच्या शेवटी कुणीच तक्रार केली नाही, तर उत्तर मिळालं. आणि दुसऱ्याच संध्याकाळी साडेसातला आईने "अगं, माझी मालिका कुठाय?" विचारलं, तरीही उत्तर मिळालंच.