लहरी जनतेच्या, चावी सरकारच्या कमरेला



माजरी जंक्शनवर मोबाईलला रेंजची काही कमी नाही. इथे कोळशाची खाण आहे, रेल्वेचा मोठा मार्ग आहे, साहेब लोकांची वसाहत आहे. जिवतीच्या पहाडावरचा शेतकरी आमच्या बैठकीसाठी इथे उतरला की त्याचा फोन टणाटण वाजायला लागतो. दोन दिवसांचे तुंबलेले निरोप एकदम येऊन पडतात. त्यात बँकेचा ओटीपी असतो, पीक विम्याचा असतो, आणि सगळे मुदत संपलेले. दहा मिनिटांत आकडे टाका, नाही तर अर्ज बाद असा हुकूम; तो हुकूम गावात पोचेपर्यंत हंगाम निघून जातो.

याला तांत्रिक अडचण म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. वावरात उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढा म्हणाले. काढला, पण तो पाठवायला रेंज लागते. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करा म्हणाले. म्हणजे ज्वारी-कापूस पिकवायला पाऊस लागतो आणि विकायला रेंज. पाऊस देवाच्या हाती आहे, रेंज मात्र दिल्लीच्या.

ही चावी दिल्लीच्या कमरेला कशी लागली ते पाहू. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला आले. त्याच वर्षी मुंबईहून इंग्लंडपर्यंतची समुद्रातली तार पुरी झाली. लिव्हरपूलचा भाव व्यापाऱ्याच्या गादीवर येऊ लागला. बंडी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या कास्तकाराला तो कोण सांगणार? पुढे १८८५ च्या तार कायद्याने सगळा तारव्यवहार सरकारच्या अनन्य अधिकारात गेला. गोरा गेला, कायदा राहिला. एकाधिकार म्हणजे काय हे विदर्भातल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. १९७१ च्या कायद्याने आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकणे गुन्हा ठरला होता, आणि चुकाऱ्यासाठी चपला झिजवाव्या लागल्या होत्या. टेलिफोनचेही तेच झाले. अर्ज करा, वर्षानुवर्षे वाट पाहा, खासदाराची चिठ्ठी आणा.

मोबाईल १९९५ मध्ये आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत आणि आलेला फोन उचलायलाही पैसे लागत. स्पर्धा वाढली, १९९९ च्या धोरणाने कंपन्यांवरची जड परवाना फी काढून महसुलातला वाटा घ्यायला सुरुवात केली, आणि भाव कोसळले. खुलीकरणाने गरिबाचे वाटोळे होते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात फोन पोचले, तेव्हा कोळी समुद्रातूनच बंदराबंदराचे भाव विचारू लागले. भावातली तफावत घटली, मासळी फेकून देणे थांबले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हे आकड्यांनिशी मांडले. पण तिथे आधी मनोरा उभा राहिला, मग भाव कळला.

आमच्याकडे मनोरा का नाही? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही लिहिले आहे की सरकार जनतेच्या वतीने या लहरींचे मालक आहे. आता या मुनीमजींनी जनतेची मालमत्ता कशी सांभाळली ते ऐका. सातशे मेगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, झाडी आणि भिंती भेदून जाते. जंगल-पहाडाच्या मुलखासाठी याहून सोयीची लहर शोधून सापडायची नाही. २०१६ च्या लिलावात सरकारने तिची किमान किंमत देशभरासाठी मेगाहर्ट्‌झमागे ११,४८५ कोटी रुपये ठेवली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी; पुन्हा कोणी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर उतरल्यावर ती विकली गेली. भाव येत नाही म्हणून सहा वर्षे वावर पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला गाव खुळा म्हणेल. शिवाय पडीक लहर पुढच्या वर्षी दुप्पट पिकत नाही. गेलेली सहा वर्षे गेलीच.

दुसरा हिशेब आमच्या पैशाचा आहे. खेड्यात सेवा पोचवण्यासाठी म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलावर ५ टक्के आकार आहे. कंपनी तो पदरचा भरत नाही, तुमच्या-आमच्या रिचार्जमधून भरते. ही रक्कम आधी दिल्लीच्या संचित निधीत जाते आणि मंजुरी मिळेल तेवढीच बाहेर येते. जमा आणि खर्च यांचा मेळ वर्षानुवर्षे बसला नाही. २०२३ च्या कायद्याने या निधीचे नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ केले. पाटी रंगवायला वेळ लागत नाही.

गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये मनोरे मंजूर झाले ते टूजीचे, आणि जागा ठरवल्या गृहखात्याने. ते फोरजी करायचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला, २,३४३ ठिकाणांसाठी. नक्षलवाद्यांनी मनोरे जाळले हेही खरे, आणि त्यांनी आदिवासी शेतकऱ्याचेच तोंड बंद केले हे आम्ही स्पष्ट बोलतो. पण एकजण जाळतो आणि दुसरा पोलिसांच्या सोयीने बांधतो, यात शेतकऱ्याला विचारले कोणी?

आम्ही सबसिडी मागत नाही, फुकट डेटाही मागत नाही. डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत गावच्या दुकानदाराला परवान्याशिवाय वायफाय विकायची मुभा मिळाली, हे योग्यच झाले. पण त्याच्याकडून कंपन्या घरगुती जोडणीच्या कितीतरी पट दर मागत राहिल्या. तो दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा, हे ठरवायला ट्रायला जून २०२५ उजाडला. ही वाट आणखी रुंद करा. ग्रामपंचायतीला, शेतकऱ्यांच्या कंपनीला रेल्वेच्या रुळालगत गेलेल्या तारेतून घाऊक भावाने जोडणी घेऊ द्या आणि गावात विकू द्या. विकत घेतलेली लहर एखादी कंपनी ज्या तालुक्यात वापरत नाही, तिथे ती दुसऱ्याला वापरू द्या. आणि हे होईपर्यंत, जिथे रेंज नाही तिथे ओटीपीची सक्ती नाही: तलाठ्याची सही आणि कागदी सातबारा चालला पाहिजे.

माजरीच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावात कोणत्या धुऱ्यावर, कोणत्या टेकाडावर रेंज मिळते आणि तिथवर किती चालावे लागते, हे कागदावर लिहून आणावे. ती यादी ठरावासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहे.