एक रेघ कमी पडली

परवा ऑफिसात पुन्हा तोच वाद. ग्राहकाला एसएमएस पाठवायचा, पुरवठादार तीन. एकाकडून गेला की थांबायचं. प्रत्येक मेथड जमलं तर ट्रू देते. जावात हे एका ओळीत होतं: तिन्ही कॉल्सच्या मध्ये || टाका. डावीकडून ट्रू आलं की जावा उजवीकडे ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे कुणीतरी एकच रेघ टाकली, |. ती दोन्ही बाजू चालवतेच! शेवटचं उत्तर मात्र तेच, ट्रू. म्हणून टेस्ट पास, आणि ग्राहकाला तीन-तीन एसएमएस. बिल आमच्या माथी.

यावर टीम लीडचा फतवा: "|| बंद. फ्लॅग ठेवा, इफमध्ये इफ लिहा." का म्हणून? विळीने बोट कापलं म्हणून भाजी दाताने तोडायची? अहो, टेस्टमध्ये नुसतं उत्तर तपासलं, कॉल किती झाले ते मोजलंच नाही. चूक तिथे आहे, ती सुधारा की!

आईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "किल्ली सापडल्यावर उरलेले खण कोण उपसतं रे?"

असो. फतवा अजून कायम आहे, आणि माझा विरोधही.